आईच्या गळ्यातील ग्रंथी आणि बाळाचा मेंदू

मूल उशिरा चालू-बोलू लागले की घरोघरी कारणे शोधली जातात. ग्रहण पाळले नसेल, डोहाळे पुरवले गेले नसतील, मागच्या जन्मीचे काही असेल. या साऱ्याचा रोख बहुधा आईकडेच वळतो. आईच्या शरीराचा बाळाच्या बुद्धीशी संबंध असतो हे खरे. परंतु त्यात पापपुण्याचा प्रश्न येत नाही.

आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. आयोडीन वापरून ती थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. मेंदूतील पेशींनी आपापल्या जागी जाऊन बसावे व एकमेकींशी जोडले जावे, यासाठी ते लागते. पण गर्भाचा मेंदू आकार घेऊ लागतो तेव्हा त्याची स्वतःची ग्रंथी तयारच नसते. ती बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते आणि पुरेसे संप्रेरक देण्यास गर्भारपणाचा जवळजवळ निम्मा काळ जातो. तोवर बाळ आईचे थायरॉक्सिन वारेतून उसने घेते. म्हणून एरवी दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, तेथे गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला जागतिक आरोग्य संघटना २५० सांगते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे गरोदर वहिनीने थायरॉइडची गोळी चालू ठेवावी का, हे मलाच विचारले गेले. "पोटुशीला औषध नको," असे शेजारच्या आजींचे मत. डॉक्टरांनी उलट सांगितले: गोळी थांबवायची नाही, या दिवसांत मात्रा बहुधा वाढवावीच लागते. कारण आता ती दोघांसाठी असते.

उणीव कोठून येते? डोंगराळ मुलुखात पाऊस आणि बर्फ जमिनीतले आयोडीन धुऊन नेतात. तेथे गळ्याला गलगंड येतो आणि उणीव तीव्र असेल तर मुले जन्मतःच मूकबधिर वा मतिमंद होतात. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ साली हिमालयातील कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. खोऱ्याच्या दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत त्या दोन विभागांतले गलगंडाचे प्रमाण पुष्कळ घटले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. दोष तेथल्या आयांचा नव्हता, मातीचा होता.

जन्मानंतर नाळ तुटते आणि उसनवारी संपते. ज्या बाळाची स्वतःची ग्रंथी नीट नसते, तेही जन्मतः धडधाकट दिसू शकते. कारण आईच्या संप्रेरकाने त्याला सावरलेले असते. लक्षणे पुढे हळूहळू उमटतात, तोवर मेंदूची हानी सुरू झालेली असते. म्हणून पहिल्या काही दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी करतात. दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू झाले तर अशी मुले बहुतेक इतरांसारखीच वाढतात. पुढे अंगावरच्या दुधातून आयोडीन मिळते, तेही आईच्याच आहारातले.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, घरात कोणी गरोदर असेल तर ग्रहणाची वेळ पाहण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. मिठाच्या पुड्यावर 'आयोडीनयुक्त' लिहिले आहे का, आणि तिच्या थायरॉइडबद्दल डॉक्टरांना विचारले आहे का? बोल लावण्यापेक्षा तिच्या ताटाकडे पाहणे बाळाच्या अधिक उपयोगी पडेल.