लाकूड पोखरतो, पण खात नाही

चेण्याहून घोडबंदरच्या खाडीकडे उतरलं की चिखल लागतो. अशा ठिकाणी आपण खेकडे बघतो, निवट्या बघतो. लाकडातल्या जिवाकडे लक्ष जात नाही. आज त्याच्याबद्दल बोलू. स्फेरोमा टेरेब्रान्स. भारताच्या किनाऱ्यांवर सापडतो. जेमतेम सेंटिमीटरभर, सात जोड्या पाय, डिवचला की गोळी होतो. दिसतो किड्यासारखा, पण कुळ कोळंबी-खेकड्यांचं.

आता गंमत बघा. लाकूड हा पोखरतो, पण वाळवीसारखं खात नाही. ते बीळ म्हणजे घर. पोटाखालच्या पायांनी पाणी आत ओढायचं, पुढच्या पायांवरच्या केसांनी त्यातले कण गाळायचे, हेच जेवण. पिल्लंही काही दिवस आईच्याच बिळात राहतात.

मग झाडाचं काय? १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात फ्लोरिडातल्या कांदळांना याच्यापासून धोका असल्याचं छापून आलं: लोंबती मुळं चिखलाला टेकण्याआधीच तुटतात. १९७८ मध्ये तिथेच उलटा मुद्दा आला: तुटल्या मुळाला फाटे फुटतात, झाडाचा आधार वाढतो. आम्हाला दुसरा मुद्दा पटतो, पण फाटे फुटायला झाड धडधाकट हवं. ओहोटीला कुठे कांदळ दिसला तर मुळाच्या टोकाशी पेन्सिलीच्या जाडीची भोकं शोधा, आणि वर फाटे फुटलेत का तेही बघा.