रॉकेल कोणाकडून आणता?

घरातले तांदूळ संपले तर उसने कोणाकडून आणता? रॉकेल कोण देतं? देवळात कोणाबरोबर जाता? अडचणीत सल्ला कोणाला विचारता? २००६च्या सुमारास कर्नाटकातल्या ७५ गावांत असे प्रश्न विचारले गेले. उत्तरं जोडत गेलं की गावाचं जाळं कागदावर उतरतं: माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, अरुण चंद्रशेखर आणि मॅथ्यू जॅक्सन या अर्थतज्ज्ञांना एक गोष्ट शोधायची होती: बातमी गावभर पसरते ती कोणामुळे? छोटी कर्जं देणारी एक संस्था यांपैकी ४३ गावांत गेली. रीतीप्रमाणे तिनं पहिली माहिती शिक्षक, दुकानदार, बचत गटाच्या प्रमुख बाया यांना दिली. काही गावांत कर्ज घेणारे पुष्कळ निघाले, काही गावांत मोजकेच. फरक पडला तो ज्यांना पहिल्यांदा कळलं ती माणसं जाळ्यात कुठे बसली होती यामुळे. नुसत्या ओळखी मोजून ही जागा समजत नाही. माझ्या ओळखीची दहा माणसं एकमेकांतच वावरत असतील, तर माझी बातमी त्याच आळीत फिरत राहते. तीनच ओळखी असलेल्या बाईची एक मैत्रीण वरच्या वाडीतली आणि एक पाणवठ्यावरची असेल, तर तिचा शब्द संध्याकाळपर्यंत गावभर होतो. म्हणून ओळखीच्यांच्या ओळखी, त्यांच्याही पुढच्या ओळखी धराव्या लागतात. गूगलनं वेबपानांचं महत्त्व ठरवायला वापरलेलं गणित याच जातकुळीचं.

पण प्रत्येक गावाचं असं जाळं काढायला वेळ आणि पैसा कुठून आणायचा? मग या चौघांनी गावालाच विचारलं: जत्रा किंवा नाटक आहे हे सगळ्यांना कळवायचं असेल, तर आम्ही कोणाला सांगावं? लोकांनी नावं सांगितली, आणि ती नावं आधी काढलेल्या जाळ्याच्या नकाशाशी ताडली तर बहुतेक जाळ्याच्या मध्यावरची निघाली. मला ही गोष्ट विलक्षण वाटते. गावातल्या कोणीच तो नकाशा पाहिलेला नव्हता.

हरियाणातल्या ५२१ गावांत याची कसोटी लागली. लसीकरण शिबिराची माहिती काही गावांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी कोणालाही दिली, काही गावांत लोकांनी सुचवलेल्यांना. सुचवलेल्यांच्या गावांत दरमहा लस घेणारी मुलं २२ टक्क्यांनी जास्त भरली. कर्नाटकातल्या दुसऱ्या प्रयोगात गावातल्या मानाच्या माणसांनाही आजमावलं होतं, तिथंही सुचवलेलीच सरस ठरली. आपल्याकडे आरोग्याची कुठलीही मोहीम आधी सरपंच आणि मुख्याध्यापकांच्या दारी जाते. त्यांचा मान मोठाच, पण त्यांच्याशी बोलताना लोक जपून बोलतात. चुलीपाशी बसून होणारं बोलणं वेगळं.

लोकांना हे कळतं कसं? उत्तर गणितातून मिळालं, आणि ते साधं आहे. गावात कोणाची सून आली, कोणाची म्हैस व्याली, हे आपल्या कानावर येतंच. काही नावं वारंवार येतात, काही वर्षातून एकदा. ज्याच्या घरची बातमी आपल्यापर्यंत सारखी पोचते, त्याच्या घरापासून निघणाऱ्या वाटा पुष्कळ असणार, आणि त्याच वाटांनी त्यानं सांगितलेलंही दूर जाणार. यासाठी स्वतः मध्यावर असावं लागत नाही. कोणाकडे फारसं न जाणारी, गावकुसाशी राहणारी म्हातारीसुद्धा कानावर आलेली नावं मनात मोजत असते, आणि विचारलं तर नेमकं नाव सांगते.