पोत्याखालची येझदी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय लोखंडाचा आहे, पण तोही तुमच्याच वस्तीवरचा. ऊस नोंदीसाठी गटातून फिरताना गोठ्याच्या कडेला नाहीतर जुन्या घराच्या सोप्यात, खताच्या रिकाम्या पोत्यांखाली झाकलेली एखादी राजदूत, बुलेट किंवा येझदी आम्हांस हमखास दिसते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "आबांची हाय साहेब. पडल्या तशीच." भंगारवाला ती किलोवर मागतो. अलीकडे शहरातून जुन्या गाड्यांचे व्यापारीही फिरू लागले आहेत. ते खिशातून रोख पैसे काढतात आणि सर्वांत आधी आर.सी. बुक मागतात.

अशा गाडीबाबत आमचे सांगणे दोनच गोष्टींचे आहे. घाईने विकू नये, आणि किक मारून बघू नये. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. का, ते एका सभासदाच्या गाडीवरून सांगतो. त्यांची परवानगी आहे, नाव मात्र देत नाही.

गाडी १९७४ सालची येझदी २५०. त्यांच्या वडिलांनी उसाच्या बिलातून घेतलेली. १९९९ साली वडिलांची नजर कमी झाली तेव्हा ती सोप्यात उभी राहिली आणि तिथेच राहिली. २०११ साली वडील वारले. दोन वर्षांनी दोघा भावांची वाटणी झाली. जमीन, विहीर, विजेची मोटार, कारखान्याचे शेअर, सगळे वाटणीपत्रात आले, मोटारसायकल तेवढी लिहायची राहिली. गाडी धाकट्याकडे, पुस्तक आणि टूलबॉक्स थोरल्याच्या ट्रंकेत. त्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचे बोलणे बंद.

२०२४च्या पावसाळ्यात व्यापारी आला तेव्हा धाकट्याने निरोप पाठवायला आम्हांलाच गाठले. आमचे काम ऊस नोंदीचे, निरोप्याचे नव्हे. पण दोन्ही वस्त्यांवर जाणे-येणे असल्याने नाही म्हणवेना. थोरल्याने ऐकून घेतले आणि म्हणाले, "व्यापाऱ्याला बुक देणार नाही म्हणून सांगा. गाडी चालू करून दाखव म्हणावं, मग सही करतो." धाकट्याने हे मनावर घेतले.

येझदी ही मुळात चेकोस्लोव्हाकियाची जावा. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचा आराखडा विकत घेतला. दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून जावा हे नाव झाले. आपल्याकडे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस मैसूरला आयडियल जावा कंपनीत ती तयार होऊ लागली. १९७३च्या सुमारास टाकीवर येझदी हे नाव आले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ नंतर जावा आणि २०२२ नंतर येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली आहेत, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचा पार्ट जुन्या गाडीला लागत नाही. दुकानदाराने "येझदीचाच आहे" म्हटले तरी आधी हे विचारून घ्यावे.

जुने इंजिन टू-स्ट्रोक, एक सिलेंडर आणि दोन सायलेन्सर. व्हॉल्व्ह नाही, टॅपेट नाही. त्यामुळे ते साधे आहे, आणि साधे असल्यामुळेच पंचवीस वर्षांनंतरही उठवता येते.

तालुक्याच्या गावी येझदीचे एक जुने मिस्त्री आहेत. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले, वस्तीवर रोज येणे अशक्य. ते एकदाच आले. गाडीभोवती फिरून त्यांनी पहिली ताकीद दिली, "किकला कुणी पाय लावायचा न्हाई. आधी प्लग काढा." पुढचे बरेचसे काम फोनवरून झाले. थोरल्या भावाचा मुलगा आयटीआयला आहे. तो चुलत्याच्या सोप्यात बसून एकेका भागाचा फोटो मिस्त्रींना पाठवायचा आणि मिस्त्री बोलून उत्तर पाठवायचे. घरात बोलणे बंद असताना हा पोरगा रोज संध्याकाळी तिकडे कसा, हे थोरल्याने विचारले नाही.

किक का मारायची नाही? इतकी वर्षे उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला गंजाने धरलेल्या असतात. सिलेंडर बिडाचा आहे. जोर केला की रिंग तुटते, तिचा तुकडा पोर्टमध्ये अडकतो, किंवा किकच्या दात्यांचे दात जातात. पाच मिनिटांच्या उत्साहात हजारोंचे नुकसान. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे प्लगच्या भोकातून निम्मे डिझेल आणि निम्मे ऑइल असे अर्धी वाटी सोडले आणि वर चिंधी कोंबून ठेवली. दर दोन दिवसांनी थोडी भर. मग गाडी टॉप गिअरला टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलवायचे, तेही हळू. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी चाक बोटभर हलले.

मग हेड आणि सिलेंडर खोलले. सिलेंडरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडले होते. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन बोअर करून आणले आणि ओव्हरसाइज पिस्टन घातला. या पिस्टनच्या खाचेत रिंगेसाठी बारीक पिन असते. रिंगेचे तोंड त्या पिनेवरच बसले पाहिजे, नाहीतर ते पोर्टला अडकते. घरी बसवणाऱ्याने हे दोनदा पाहावे.

दुसरी गोष्ट ऑइल सीलची, आणि ही बरेच जण टाळतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, तिथे दाबले जाते आणि मग वर सिलेंडरमध्ये जाते. म्हणून क्रँककेस हवाबंद हवी. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात, आणि पंचवीस वर्षांत रबराचे लाकूड होते. डावीकडचे, म्हणजे क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे ऑइल आत ओढले जाऊन पांढरा धूर येतो. तो निदान दिसतो तरी. उजवीकडचे, डायनामोच्या बाजूचे गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन आपोआप चढते, तापते आणि नवा पिस्टन पुन्हा धरतो. सीलची किंमत अगदी किरकोळ, पण बदलण्यासाठी बरेच खोलावे लागते, म्हणून मेकॅनिक "चालतंय की" म्हणतो. चालू देऊ नये.

आता गंज. इथे आमच्या खात्याचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गंज काढायला मोलॅसिस चांगले. शेतात टाकतो ती प्रेसमडची मळी नव्हे. साखर काढून झाल्यावर उरणारा काळा पाक, जो डिस्टिलरीला जातो, तो. एक भाग मोलॅसिस आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण प्लास्टिकच्या पिंपात करायचे आणि गंजलेले लोखंडी भाग त्यात बुडवून ठेवायचे. मोलॅसिसमधील द्रव्ये गंजातील लोह धरून घेतात, चांगल्या लोखंडाला मात्र फारसा धक्का लावत नाहीत. ॲसिडने हे काम तासाभरात होते, पण जरा दुर्लक्ष झाले की लोखंडही खाल्ले जाते. मोलॅसिसला एक ते तीन आठवडे लागतात. बंधूंनो, बारा-अठरा महिने उसाची वाट पाहणाऱ्याला तीन आठवड्यांचे काय! स्टँड, ब्रेक पेडल, मडगार्डच्या पट्ट्या, नटबोल्ट, सगळे असे काढले. पेट्रोलची टाकीही याच पाण्याने भरून दोन आठवडे ठेवली.

मात्र पथ्ये आहेत. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग, म्हणजे कार्बोरेटर, इंजिनची कव्हरे, हब, यात घालायचे नाहीत, ते खाल्ले जातात. मिश्रण आंबते, फेस येतो आणि वास सुटतो, म्हणून पिंप घरापासून लांब ठेवावे आणि झाकण घट्ट लावू नये. भाग बाहेर काढताच स्वच्छ पाण्याने घासून लगेच वाळवावा आणि तेलाचा हात फिरवावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. आणि मोलॅसिस हा अबकारी खात्याच्या हिशेबातला माल आहे. कृपया कॅन घेऊन कारखान्याच्या गेटवर येऊ नये. आम्हीही पशुखाद्याच्या दुकानातून आणावयास सांगितले होते.

टाकीला भोक असेल तर वेल्डिंगला नेण्यापूर्वी ती पूर्ण धुतलेली असावी. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीतील पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

बाकी कामे पटापट झाली. सायलेन्सरमध्ये उंदराचे घरटे निघाले. कार्बोरेटरमध्ये जुने पेट्रोल लाखेसारखे वाळले होते, जेट बारीक तारेने न टोचता भिजवून आणि हवा मारून साफ केले. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या. पॉइंट पॉलिश पेपरने घासून फट सुमारे ०.४ मि.मी. ठेवली, कंडेन्सर मात्र नवा घेतला, तिथे काटकसर नको. विजेची व्यवस्था ६ व्होल्टची आहे, वायरी सगळ्या बदलल्या. टायर-ट्यूब अर्थात नवीन.

रंगाचा प्रश्न आला तेव्हा धाकट्याचे म्हणणे होते की उघडून ठेवलीच आहे तर चकाचक रंगवून टाकू. आम्ही विरोध केला. मागच्या मडगार्डवर गावच्या पेंटरने हाताने 'जय जवान जय किसान' लिहिलेले आहे, अर्धे उडालेले. तो पेंटर आता नाही. लग्नाच्या घोडीसारख्या नटवलेल्या जुन्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांत कुणाच्या वडिलांची कोणती, ते ओळखू येत नाही. शेवटी मडगार्ड तसेच ठेवले, फक्त मेण लावले.

पेट्रोलविषयी एक सांगितले पाहिजे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसाचे आहे, त्यातून कारखान्याला पैसा मिळतो आणि त्याचा आम्हांला आनंदच आहे. पण १९७४चे रबर त्यासाठी केलेले नाही. पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर इथेनॉलला टिकणारे घ्यावेत. इथेनॉल हवेतील ओल धरते, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. शिवाय त्याने मिश्रण थोडे पातळ पडते, तेव्हा कार्बोरेटर किंचित भरीव लावून घ्यावा. ऑइल आम्ही लिटरला ४० मिली टाकले. नवीन पिस्टनला कंजुषी चालत नाही.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी गाडी लावून पाहायची ठरली. जुन्या येझदीची किक आणि गिअर एकाच दांड्याने चालतात. दांडा आत दाबून वर उचलला की किक होते, इंजिन लागले की तोच परत गिअरचा होतो. नव्या पोरांना हे माहीत नसते. पुतण्याने तीन-चार वेळा मारून पाहिले, काही नाही. फोनवर मिस्त्री म्हणाले, "प्लग काढून पुसा. वल्ला झालाय." पुसून लावला. दुसऱ्या किकला गाडी लागली. धुराने सोपा भरला आणि दोन सायलेन्सरांचा तो आवाज मधल्या उसावरून पलीकडच्या वस्तीवर गेला.

थोरले त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या हाती टूलबॉक्स आला, त्यात फडक्यात गुंडाळलेले पुस्तक होते. दुपारी ते स्वतः आले, गाडीवर न बसता मडगार्डवरून हात फिरवला आणि धाकट्याला एवढेच विचारले, "कुठं सही करायची?"

सही कुठे करायची, याचेही उत्तर सर्वांच्या उपयोगाचे आहे. मालक वारला तर वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यावयाची असते, मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत. उशीर झाल्यास दंड भरून होते, पण मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागतेच. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. विमा तर हवाच. जुन्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्यांची नोंद संगणकात नसेल तर आधी ती चढवून घ्यावी लागते, यात वेळ जातो.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. नवीन नोंदणीस २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. ऐकायला छान वाटते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. ज्यांना वडिलांच्या गाडीवरून पाणंदीने रानात जायचे आहे, त्यांनी साधी नोंदणीच वाढवून घ्यावी. या दोघांनी तेच केले.

खर्च किती, असे बरेच जण विचारतात. एक एकर लागणीच्या खतापेक्षा बराच जास्त, नव्या गाडीपेक्षा बराच कमी. दोघांनी निम्मा-निम्मा भरला, हिशेब पुतण्याने ठेवला.

पाण्याच्या पाळीचे अजून मिटलेले नाही. हंगाम सुरू झाल्यापासून गाडी थोरल्याच्या सोप्यात आहे. तोडणीच्या गडबडीत तिला हात लागणार नाही, म्हणून टाकी रिकामी केली आहे आणि प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल सोडून ठेवले आहे.