बालकाची चित्रशाळा

दीड वर्षाच्या मुलाच्या हाती कोळशाचा तुकडा लागला की घरातील एखादी भिंत काळी होते. वडील माणसे त्यास खोडी म्हणतात. मुलाच्या दृष्टीने मात्र तो मोठाच शोध असतो: हात हलविला आणि त्याच्या मागोमाग काहीतरी उमटले! अशा वेळी घरातून बहुधा पहिला शब्द येतो तो ‘नको’ हा. तो शब्द दिवसातून किती वेळा उच्चारावा लागेल, हे मुलाच्या स्वभावापेक्षा त्याच्या हाती काय दिले आणि त्यास कोठे बसविले यावरच अधिक अवलंबून असते.

लहान मूल बोटांनी रेघ काढीत नाही. ते खांद्यापासून सारा हात फिरविते. पुढे कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटे त्याच्या ताब्यात येतात. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मसमयी ती सारी कूर्चेचीच असतात, आणि त्यांतील शेवटचे हाड कठीण होऊ लागते ते वयाच्या आठव्या ते बाराव्या वर्षांच्या सुमारास. अशा हाती टोकदार पेन्सिल देऊन वहीच्या इवल्याशा चौकटीत कमळ काढावयास सांगितले, तर मुलास कमळाची गोडी लागण्याऐवजी चौकटीची धास्तीच बसावयाची.

म्हणून कागद मोठा हवा. उघडलेल्या वर्तमानपत्राएवढा असला तर उत्तम. तो कोरा आणि शुभ्र असलाच पाहिजे असे नाही. पुड्यांचा खाकी कागद, एका बाजूस कोरी राहिलेली जाहिरातपत्रके, फार काय, छापील वर्तमानपत्रही ठळक रंगासाठी चालते. महाग कागदाचा एक तोटा असा, की तो वाया जाऊ नये म्हणून वडील मंडळी मुलाच्या पाठीशी उभी राहतात. पाटी या दृष्टीने फार सोयीची. तिच्यावरील चित्र पुसले जाते हा दोष मोठ्यांस वाटतो. तीन वर्षांच्या मुलास पुसण्यातही रेघ काढण्याइतकीच मौज असते.

रेघ काढण्यासाठी प्रथम जाड मेणखडू द्यावा. दाबले तर गडद, हलके धरले तर फिकट, असा हाताचा जोर तो लगेच दाखवितो. स्केचपेनात हे घडत नाही. शिवाय झाकण उघडे राहिले की ते वाळून जाते. मेणखडू तुटला म्हणून हळहळू नये. आखूड तुकडा मुठीत मावत नाही. तो बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो, आणि बोटांस वळण लागते. पेन्सिल द्यावयाची ती मऊ असावी. (तिच्या नावात शिसे असले तरी आत ग्राफाइट आणि चिकणमाती यांचेच मिश्रण असते.) खोडरबर मात्र काही वर्षे घरात नसले तरी चालेल.

चोवीस रंगांच्या पेटीचा मोह आवरावा. लाल, पिवळा, निळा आणि काळा एवढे चार रंग पुष्कळ झाले. पिवळ्यात निळा मिसळून हिरवा झालेला पाहणे हे मुलास आयत्या हिरव्यापेक्षा शतपट मोलाचे वाटते. मैद्याची पातळ खळ शिजवून तीत खाण्याचा रंग कालविला की बोटांनी माखण्याजोगा रंग घरीच तयार होतो. गेरूही चालतो. हळदही चालते, परंतु तिचा डाग साबणाने जाण्याऐवजी लाल होतो, हे ध्यानात असू द्यावे.

एका बाबतीत मात्र कसलीही सवलत नाही. जुने ते सारे निर्धोक, ही समजूत खोटी आहे. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे, हिंगूळ पाऱ्याचे, हरताळ सोमलाचे. मुलाचे बोट तोंडात जातेच. तेव्हा यांपैकी काहीही त्याच्या रंगात येता कामा नये. घरास लावण्याच्या तैलरंगांतील शिशावर भारतात 2016 साली नियम झाले, आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून दहा लाखांत नव्वद भाग ही मर्यादा आली. त्याआधीच्या तैलरंगाचे पोपडे निघत असतील, तर त्या भिंतीजवळ मुलाची बैठक मांडू नये.

आता जागा. शहरातील दोन खोल्यांच्या घरात ती कोठून आणावयाची, हा प्रश्न इंदूर, मुंबई, दिल्ली सर्वत्र सारखाच. स्वतंत्र खोलीची काहीच गरज नाही. चार हात फरशी पुरते. जुनी सतरंजी नको, पुसता येईल असे मेणकापड हवे. त्यावर मूल पालथे पडून, उकिडवे बसून, उभे राहून काम करील. त्यास खुर्ची-मेजाची घाई नसते. उजेड खिडकीतून बाजूने यावा. साहित्य मध्यभागी ठेवावे, म्हणजे ज्या हाताने घ्यावेसे वाटेल त्या हाताने मूल ते घेईल. डावखुऱ्यास उजवा करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

याहून चांगली जागा भिंतीची. ठाणे-पालघरकडील वारली घरांत गेरूने सारविलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने आणि चघळून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने चित्रे काढण्याची परंपरा आहे. त्याच मुलखात, प्रथम बोर्डीस व पुढे कोसबाडला, ताराबाई मोडकांनी बालवाडीचे काम केले, आणि महागड्या साधनांऐवजी आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. शहरातील घरातही दाराआडच्या भिंतीचा हातभर पट्टा मुलाच्या उंचीएवढा काळ्या रंगाने रंगवून ‘ही तुझी’ असे सांगता येते. बाकीच्या भिंती मग पुष्कळशा वाचतात. साऱ्याच वाचतील अशी आशा धरू नये.

रंगाची वाटी जड बुडाची व अर्धीच भरलेली असावी, प्रत्येक वाटीत तिचा स्वतंत्र जाड कुंचला असावा. अंगात वडिलांचा जुना सदरा उलटा घालावा. ओले फडके मुलाच्या हाताशीच ठेवावे; रंगविण्याइतक्याच उत्साहाने ते फरशीही पुसते, जरी डाग त्यामुळे अंमळ पसरत असला तरी. चित्र वाळले की मागील बाजूस तारीख घालावी. ‘हे काय काढले आहेस?’ असे मात्र विचारू नये. पुष्कळदा ते काहीच नसते, आणि विचारल्यावर बिचाऱ्यास काहीतरी सांगावे लागते.