साठ आणि आठ

रामटेक म्हटले की गडमंदिर, अंबाळा तलाव, भगवान शांतिनाथांचे दिगंबर जैन मंदिर आणि कालिदासाच्या ‘मेघदूता’शी जोडला गेलेला रामगिरी डोळ्यांपुढे येतो. व्यापाऱ्याच्या नजरेला मात्र याच परिसराचे दुसरे रूपही दिसते. तांदळाच्या गिरण्या, मनसरची मँगनीज खाण आणि नागपूरकडे जाणारा रेल्वेचा फाटा हे ते रूप. येथल्या बाजारातून निघालेला वा येथे येणारा माल लांबचा पल्ला गाठतो, तेव्हा वाटेत कोठे ना कोठे एखादे अजस्र डिझेल इंजिन त्याचा भार वाहते. त्या इंजिनाशेजारी आठ-आठ तास उभा राहणारा माणूस पेढीवरून दिसत नाही. मालाच्या भाड्यात त्याचे वेतन धरलेले असते, पण त्याचे कान कोणत्याही हिशेबात येत नाहीत.

प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट

आपल्या परिचयाचे बहुतेक डिझेल इंजिन फोर-स्ट्रोक असते. गिरणीतला जनरेटर, मालमोटार आणि शेतातला पंप ही त्याची उदाहरणे. त्यात शाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा इंधन पेटते. टू-स्ट्रोक इंजिनात ते प्रत्येक फेऱ्याला पेटते. त्यामुळे कमी जागेत अधिक शक्ती मिळते आणि स्फोटांची संख्याही दुप्पट होते.

भारतीय रेल्वेवर अशा इंजिनांचा इतिहास दोन टप्प्यांचा आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सकडून ‘डब्ल्यूडीएम-४’ या जातीची ७२ इंजिने आली. १९६९ साली सुरू झालेली हावडा-दिल्ली राजधानी एक्सप्रेस प्रथम त्यांनीच ओढली. देशात उत्पादनासाठी मात्र त्या वेळी अल्को कंपनीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाची निवड झाली. पुढे १९९९ मध्ये जनरल मोटर्सचीच ‘डब्ल्यूडीजी-४’ ही चार हजार अश्वशक्तीची मालगाडी-इंजिने आली आणि नंतर ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. त्यांचे घर झाले हुबळीचे डिझेल शेड.

या इंजिनात सोळा सिलिंडर असतात, प्रत्येक सुमारे ११.६ लिटरचा. पूर्ण वेगात शाफ्ट मिनिटाला सुमारे ९०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २४० स्फोट होतात. टू-स्ट्रोक इंजिन स्वतःहून हवा ओढून घेऊ शकत नाही; ती दाबाने आत ढकलावी लागते. म्हणून कमी वेगात त्याचा टर्बोचार्जर दंतचक्रांच्या साहाय्याने फिरवला जातो. खालून जमीन हलवणारी घरघर आणि वरून टर्बोची तीक्ष्ण शीळ, असा तो दुहेरी नाद असतो. चालकाची केबिन बंद असते. पण शेडमध्ये पूर्ण भारावर चाचणी चालू असताना इंजिनाशेजारी तंत्रज्ञाला उभे राहावेच लागते.

जहाजांवरची इंजिने याहून कितीतरी मोठी. २००६ मध्ये सागरात उतरलेल्या ‘एमा मेर्स्क’ या कंटेनर जहाजाच्या इंजिनात ९६ सेंटिमीटर व्यासाचे चौदा सिलिंडर होते आणि त्याची शक्ती एक लाख अश्वशक्तीहून अधिक होती. शाफ्टचे फेरे मिनिटाला जेमतेम शंभर, तरी पंखे, पंप आणि टर्बो यांच्यासह इंजिन-खोलीचा कल्लोळ कानठळ्या बसवणारा. २०१४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार नव्या जहाजांवर यंत्रखोलीत ११० डेसिबल, तर नियंत्रण कक्षात ७५ डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. हे अंतर वाटते त्याहून फार मोठे आहे. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्यामुळे ११० डेसिबलमधील ऊर्जा ७५ डेसिबलच्या तीन हजार पटींहून अधिक भरते.

कान कसा झिजतो

कानाच्या आतील शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. तीव्र नाद त्यांना थकवतो. विश्रांती न मिळता तोच मारा होत राहिला की त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. यात वेदना होत नाही, रक्त येत नाही. म्हणूनच ‘आता सवय झाली’ असे कामगार म्हणू लागतो. ती बहुतेक वेळा सवय नसून ऱ्हासाची सुरुवात असते.

प्रथम हानी होते ती चार हजार हर्ट्‌झच्या आसपासच्या उच्च स्वरांची. बोलण्यातले स्वर मोठे व खोल असतात, तर ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने बारीक. त्यामुळे बोलणे ‘ऐकू येते’, पण ‘कळत नाही’. ‘साठ’मधला ‘स’ निसटला की ‘आठ’ उरतो. व्यवहारात हा फरक किती मोठा, हे व्यापारी कुटुंबांना सांगायला नको. घरी तोच माणूस नातवंडांच्या बारीक आवाजाला उत्तर देत नाही आणि हळूहळू बैठकीतून दूर सरतो. लोक त्याला तुसडा समजतात.

अर्धवट रक्षण

अनेक देशांत मान्य झालेला एक ठोकताळा असा: ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतील, पण पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, शंभर डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे.

यावर उपाय कानझाकणे, म्हणजे इअरमफ, आणि कानात घालायचे बोळे. परंतु ते पूर्णवेळ हवेत. तीस डेसिबल आवाज अडवणारे झाकण आठ तासांच्या पाळीत फक्त ४८ मिनिटे काढून ठेवले, तर प्रत्यक्ष लाभ जेमतेम दहा डेसिबलचा उरतो. कारण एकूण ध्वनिऊर्जेचा दहावा हिस्सा त्या ४८ मिनिटांतच कानात शिरतो. बोळे आणि झाकण दोन्ही एकत्र वापरल्यास मिळणारी भर साधारण पाच डेसिबलची; मात्र ११० डेसिबलच्या यंत्रखोलीत तीही मोलाची ठरते.

पेढीवरून काय करता येईल

एवढे मोठे इंजिन आपल्या दारात नसेल, पण गिरणी, क्रशर, कॉम्प्रेसर आणि जनरेटर असतात. कानाला त्यांचा फरक कळत नाही. आवाजामुळे येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदले गेले, ते याच कारणाने.

एक सोपी कसोटी अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास वा वर आहे असे समजावे. पाळी संपल्यावर कानात शीळ घुमत असेल, तर ती पहिली सूचना. जनरेटरला ध्वनिरोधक आवरण लावावे, सायलेन्सर व बेअरिंग वेळेवर बदलावेत, कामगारांच्या जागा आलटून-पालटून द्याव्यात, जेवणाची जागा यंत्रापासून दूर ठेवावी. नोकरीस रुजू होताना आणि नंतर दरवर्षी श्रवणचाचणी करून तिची नोंद ठेवावी. आणि मालक स्वतः यंत्राजवळ जाताना कान झाकूनच जावा. कामगार सूचनाफलकाआधी मालकाच्या कानाकडे पाहतो.

यंत्राचा घसारा दरवर्षी वहीत लिहिला जातो, कारण यंत्र पुन्हा विकत आणता येते. यंत्राजवळच्या माणसाची श्रवणशक्ती पुन्हा विकत मिळत नाही. म्हणून तिची काळजी आधीच घ्यावी लागते.