आपल्या कुत्र्याचा आहार : काय द्यावे, काय टाळावे?



मागच्या आठवड्यात चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला पाळीव प्राण्यांचा विषय निघाला. मी सहज विचारलं, "कुणाकुणाच्या घरी कुत्रा आहे?" निम्म्याहून जास्त हात वर. "मग तो काय खातो?" मुलं सांगत गेली आणि मी फळ्यावर लिहीत गेले. शिळी भाकरी, दूध-चपाती, ग्लुकोजची बिस्किटं, मटणाचा रस्सा, कोंबडीची हाडं, भडंग, चॉकलेट. शेवटच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, आमचा टायगर बेदाणं खातुय की, मूठ-मूठ!" सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्याचं कारण पुढे सांगते.

माझं माहेर साताऱ्याजवळ, माहुलीच्या बाजूला. आता नोकरी सांगली जिल्ह्यात, तासगाव भागात. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी आहे. खंड्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं आमच्याकडे सांगतात. म्हणजे कुत्र्यावर जीव लावणं आपल्या भागाला नवीन नाही. पण जीव लावणं वेगळं आणि त्याला योग्य खायला घालणं वेगळं. आपण प्रेमाने देतो तो प्रत्येक घास त्याला मानवतोच असं नाही. आजच्या लेखात हेच समजून घेऊ.

कुत्रा मांसाहारी की मिश्राहारी?

कुत्रा लांडग्यापासून झाला, हे आपण वर्गात शिकवतो. त्याचे सुळे मांस फाडण्यासाठी आहेत. पण हजारो वर्षं माणसाजवळ राहून त्याच्या पोटात एक बदल झाला. २०१३ साली नेचर या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. म्हणून कुत्र्याला भाकरी, भात पचतो. मात्र त्याचं शरीर प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ जास्त मागतं. थोडक्यात काय, भाकरी चालते, पण नुसती भाकरी पुरत नाही.

नुसती भाकरी का पुरत नाही?

चला, थोडं गणित करू. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने ठरवलेल्या प्रमाणानुसार, अन्नातलं पाणी वगळून जो कोरडा भाग उरतो त्यात मोठ्या कुत्र्यासाठी किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लासाठी किमान २२.५ टक्के प्रथिने हवीत.

आता आपली ज्वारी. १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात. पिठातला ओलावा सोडला तर कोरडा भाग ९० ग्रॅम. म्हणजे प्रथिने झाली ११ टक्के. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा आवश्यक घटक कमी असतो. भाकरीवर राहिलेला कुत्रा मरत नाही, पण केस राठ होतात, स्नायू भरत नाहीत, पिल्लू खुरटतं.

कुणी म्हणेल, "मॅडम, माण-खटावला, जत-आटपाडीला धनगरांची कुत्री भाकरी-ताकावरच तर असतात!" खरं आहे. पण ती दिवसभर कळपामागे फिरतात. वाटेत उंदीर, घूस, सरडा जे मिळेल ते धरून खातात. आपला कुत्रा अंगणात साखळीला बांधलेला असतो. त्याला आपण देऊ तेवढंच मिळतं. म्हणून जबाबदारी आपली.

घरच्या घरी एक नमुना ताट

साधारण १५ किलो वजनाच्या मोठ्या गावठी कुत्र्याला दिवसाला अंदाजे ८०० ते ९०० कॅलरी लागतात. त्यासाठी दिवसभराचं अन्न असं ठेवता येईल :

१. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या ३ मध्यम भाकरी (सुमारे १५० ग्रॅम पीठ), किंवा तेवढ्याच तांदळाचा मऊ भात.
२. बिनहाडाचं उकडलेलं चिकन १०० ग्रॅम. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नाही.
३. एक उकडलेलं अंडं.
४. उकडलेला भोपळा, गाजर किंवा घेवडा, मूठभर.
५. एक छोटा चमचा तेल.

हे दोन वेळात विभागून द्यायचं. याची बेरीज केली तर प्रथिने २० टक्क्यांच्या वर जातात. माळकरी घरात चिकन-अंडं होत नसेल तर सोयाबीनच्या शिजवलेल्या वड्या, मऊ शिजलेली डाळ, पनीर, दही असं मिळून द्यावं. पण अशा वेळी पशुवैद्यकाचा सल्ला नक्की घ्यावा.

एक उणीव मात्र या ताटात राहते, ती कॅल्शियमची. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून मिक्सरला पिठासारखी बारीक केली तर अर्ध्या छोट्या चमच्यात सुमारे १ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. एवढं मोठ्या कुत्र्याला दिवसाला पुरतं. पिल्लाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कारण जास्त कॅल्शियमनेही वाढती हाडं बिघडतात. जस्त, आयोडीन अशा बाकी घटकांसाठी कोणतं औषध द्यायचं, तेही डॉक्टरच सांगतील.

दुधाचं काय? पिल्लू आईचं दूध पचवतं. मोठं झाल्यावर दुधातली साखर पचवण्याची ताकद बऱ्याच कुत्र्यांत कमी होते आणि जुलाब लागतात. त्यापेक्षा बिनमिठाचं ताक किंवा थोडं दही बरं. बिस्किटांत मैदा आणि साखरच जास्त. शिकवताना शाबासकी म्हणून एखादा तुकडा ठीक, पण ते जेवण नव्हे.

हे पदार्थ अजिबात नकोत

द्राक्षं आणि बेदाणे. आता टायगरच्या बेदाण्यांकडे येते. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी इथून माहेरी किलोभर बेदाणे घेऊन गेले. आमच्याकडे मोत्या होता, नऊ वर्षांचा. माझ्या मुलाने ओसरीवर बसून त्याला खेळता खेळता भरपूर बेदाणे चारले. मी समोरच होते. कौतुकाने बघत होते. रात्री मोत्याला उलट्या सुरू झाल्या. आम्ही म्हटलं, ऊन लागलं असेल. ताक पाजलं आणि सकाळची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी तो उठेना. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय खाल्लं होतं?" मूत्रपिंडं निकामी झाली होती. चौथ्या दिवशी मोत्या गेला. मुलाला काय सांगायचं ते मला आजही नीट सुचलेलं नाही.

तासगावचे बेदाणे आपला अभिमान आहेत, माणसाला ते उत्तमच. पण कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते घातक ठरतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी असं मांडलं, की यामागे द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असावं. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं, म्हणून चिंचेची आमटीही कुत्र्याला नको. सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. त्यामुळे मूठभर बेदाणे म्हणजे चार मुठी द्राक्षं समजा. एखादा कुत्रा खाऊनही ठणठणीत राहतो, दुसरा थोड्यातच आजारी पडतो. "आमच्याला काही होत नाही" यावर विसंबू नका. खाल्ल्याचं कळलं की उलटीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. पहिले दोन-तीन तास फार मोलाचे असतात.

कांदा-लसूण. कच्चा असो, शिजलेला असो, वा रश्श्यातला. त्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. हिरड्या पांढुरक्या पडणं, धाप लागणं, लघवी लालसर-तपकिरी होणं ही त्याची लक्षणं. थोडं थोडं रोज दिलं तरी त्रास होऊ शकतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उरलेला तांबडा रस्सा आपण कुत्र्याला ओततो. त्यात कांदा-लसूण, मीठ आणि वर तेलाचा तवंग. इतक्या तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. भडंगही याच यादीत.

चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगम. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याला लवकर बाहेर टाकता येत नाही. त्याचा हृदयावर आणि मेंदूवर परिणाम होतो. बिनसाखरेच्या गोळ्या-च्युइंगममध्ये झायलिटॉल असेल तर रक्तातली साखर एकदम उतरते.

शिजलेली हाडं. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं. कोंबडीच्या हाडाच्या टोकदार काड्या होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

कच्चं काळीज-फुफ्फुस. शेळी-मेंढी कापल्यावर टाकाऊ भाग कुत्र्यापुढे टाकायची पद्धत आहे. त्यात जंतांच्या गाठी असतील तर जंत कुत्र्याच्या पोटात वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडून माणसाच्या, विशेषतः मुलांच्या पोटात जाऊ शकतात. त्यातून यकृतात, फुफ्फुसात गाठी होतात. म्हणून कच्चं देऊ नका. कुत्र्याला वेळेवर जंताचं औषध द्या आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा.

किती द्यायचं? आपल्या हातानेच तपासा

मुलांना हा प्रयोग फार आवडला. डाव्या हाताची मूठ वळा आणि उजव्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर तो हडकुळा. आता मूठ उघडून हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर वजन योग्य. तळहातासारखं मऊ लागलं, बरगडी सापडेनाच, तर तो लठ्ठ.

आपल्या भागातल्या कारवानी किंवा मुधोळ कुत्र्याला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका. तो पळणारा कुत्रा, मुळातच सडपातळ. त्याच्या दोन-तीन बरगड्या दिसणं नैसर्गिक आहे. त्याला खाऊ घालून गुबगुबीत करू नका.

आणखी काही गोष्टी

- पिल्लाला दिवसातून ३ ते ४ वेळा थोडं थोडं द्या, मोठ्याला २ वेळा.
- अन्न बदलताना ७ दिवसांत हळूहळू बदला. एकदम बदललं की पोट बिघडतं.
- तयार खाद्य देत असाल तर पाकिटावर "संपूर्ण व संतुलित आहार" असं लिहिलं आहे का, पिल्लासाठी आहे की मोठ्यासाठी, आणि तारीख काय, हे वाचा.
- स्वच्छ पाणी कायम समोर हवं. उन्हाळ्यात दोन-तीनदा बदला.
- शंका आली तर जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आहेच. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयही आहे.

मुलांसाठी उपक्रम

१. तुमच्या कुत्र्याने आठवडाभर काय खाल्लं ते वहीत लिहा. चुकीच्या पदार्थांना लाल खूण करा.
२. नुसती भाकरी कुत्र्याला का पुरत नाही? दोन कारणे सांगा.
३. द्राक्षांपेक्षा बेदाणे जास्त धोकादायक का?
४. "आमच्या कुत्र्यासाठी हे नको" अशी यादी करून स्वयंपाकघरात चिकटवा.

दुसऱ्या दिवशी तो शेवटच्या बाकावरचा मुलगा शाळेत आला तो थेट माझ्या टेबलाशी. "मॅडम, आज्जीनं बेदाण्याची पाटी उंच ठेवली. आन् टायगरला अंडं दिलं." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. फळ्यावरची यादी मुलांनी अजून पुसू दिलेली नाही.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेत जरूर वाचून दाखवा.