चेंडू दुसऱ्याचा, हिशेब आपला
गोल्फच्या चाहत्याची गंमत आणि श्रावकाची खतावणी

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गच्या किल्ल्यापासून जवळच अणदूर हे गाव आहे. ज्वारी, तूर आणि सोयाबीन यांच्या या मुलखात पाऊस कधी पुरतो, कधी पुरत नाही. बाजारपेठेचे तोंड सोलापूरकडे. अशा ठिकाणी कुणी गोल्फचा चाहता असू शकेल, या कल्पनेचेच हसू येते. हिरवळीचा एवढा विस्तार दिसला, तर इथल्या माणसाच्या मनात पहिला विचार येईल तो जनावरांच्या चाऱ्याचा! परंतु दूरचित्रवाणी आणि मोबाईल यांनी अंतरे पुसून टाकली आहेत. अमेरिकेत किंवा स्कॉटलंडमध्ये मारलेला फटका दुकानाच्या गादीवर बसून पाहता येतो. प्रश्न इतकाच उरतो, की तो पाहायचा कशासाठी?

या प्रश्नाचे पहिले उत्तर व्यापारी घराण्यांना चटकन पटावे असे आहे. बहुतेक खेळांत ज्याच्या नावावर जास्त धावा किंवा जास्त गुण, तो विजयी ठरतो. गोल्फमध्ये मात्र ज्याचा खर्च कमी, तो विजयी. सव्वाचार इंच व्यासाच्या अठरा खळग्यांत एकेक करून चेंडू पोहोचवायचा, आणि तोही कमीत कमी फटक्यांत. प्रत्येक खळगीसाठी किती फटके लागावेत, हे आधीच ठरलेले असते. त्याला ‘पार’ म्हणतात. पार म्हणजे अंदाजपत्रक. त्यापेक्षा एक फटका वाचवला तर ‘बर्डी’, दोन वाचवले तर ‘ईगल’, आणि तीन वाचवले तर ‘अल्बट्रॉस’. बचत जितकी मोठी तितका पक्षी मोठा, ही कल्पना कोणत्याही जुन्या मुनीमजींना आवडली असती.

कच्च्या खेळाडूला पक्क्या खेळाडूबरोबर खेळता यावे म्हणून काही फटक्यांची सूट मिळते. तिला ‘हँडिकॅप’ म्हणतात. ही सूट खेळाडूने स्वतः नोंदवलेल्या पूर्वीच्या खेळावरून ठरते. साहजिकच जास्त सूट मिळावी म्हणून मुद्दाम वाईट खेळणारे महाभागही निघतात. कागदावर उत्पन्न कमी दाखवून सवलत उपटणारे गृहस्थ जिथे तिथे भेटतात, हे पाहून चाहत्याला गोल्फ अगदी घरचा वाटू लागतो.

पाहण्याची साधना

गोल्फ पाहणे ही एक परीक्षाच आहे. एक फेरी पूर्ण व्हायला चार तासांहून अधिक वेळ जातो. चेंडूचा व्यास जेमतेम पावणेदोन इंच. तो उडाला की पडद्यावर नुसते आकाश दिसते, आणि चाहता त्या आकाशाकडे पाहून मान डोलावतो. समालोचक कुजबुजत बोलतात, जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी निजले आहे. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकात तीनदा घड्याळाकडे पाहणारा गृहस्थ पाच फुटांच्या फटक्यासाठी श्वास रोखून निश्चल बसतो, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी केलेला विनोद त्याने निमूट सोसलेला बरा. त्याचे मन एकाग्र होऊ शकते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

ही गंमत संपूर्ण भारताने एकदा एकत्र अनुभवली आहे. 7 ऑगस्ट 2021 च्या सकाळी टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या गोल्फची अखेरची फेरी चालू होती. बंगळूरची अदिती अशोक ही जागतिक क्रमवारीत दोनशेव्या स्थानावर असलेली खेळाडू पदकाच्या शर्यतीत होती. तिची आईच तिची कॅडी होती. मुलीच्या खेळाचे साहित्य आई वाहत होती. आदल्या रात्रीपर्यंत ज्यांना बर्डी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, ती माणसे सकाळच्या चहाबरोबर चेंडूच्या उतारावर मते देऊ लागली. चार दिवसांचे अंदाजपत्रक 284 फटक्यांचे होते. अदितीने ते 269 मध्ये पार पाडले. पंधरा फटक्यांची बचत! परंतु न्यूझीलंडच्या लिडिया को हिने सोळांची बचत केली आणि कांस्यपदक तिच्याकडे गेले. केवळ एका फटक्याने अदिती चौथी आली. त्याच दिवशी सायंकाळी नीरज चोप्राने भाल्याचे सुवर्ण जिंकले आणि देशाला सकाळचा विसर पडला. त्या चार दिवसांतील तो एक फटका कोणता, याचा शोध काही चाहते मात्र अजून घेत असतील.

त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गटात पुण्याचा उदयन माने खेळला होता, हे महाराष्ट्रातही फार थोड्यांच्या लक्षात राहिले. महाराष्ट्र आणि गोल्फ यांचे नाते असेच काहीसे विसरभोळे आहे. नाशिकमधील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला नाशिककर अजूनही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात. तिथे क्रिकेट चालते, लोक फिरायला येतात. नावात गोल्फ आहे, गोल्फ मात्र कुठेही नाही.

पंचाविना खेळ

गोल्फची खरी ओळख मात्र त्याच्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूवर पंचाची नजर असते. गोल्फचे मैदान मैलोगणती पसरलेले. प्रत्येक खेळाडूमागे पंच ठेवणे शक्य नाही. म्हणून झाडीत, वाळूत, उंच गवतात खेळाडू एकटा असताना जे घडते, त्याची कबुली त्यानेच द्यायची, अशी परंपरा पडली.

1925 मध्ये अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स हा विख्यात खेळाडू गवतात पडलेला चेंडू मारण्याच्या तयारीत होता. त्याच्या काठीचा गवताला स्पर्श झाला आणि चेंडू किंचित हलला. इतर कुणाला ते दिसले नाही. जोन्सने मात्र चेंडू हलल्याचे सांगून स्वतःला एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर त्याची विली मॅकफार्लेन याच्याशी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत जोन्स हरला. तो एक फटका मोजला नसता, तर विजेतेपद त्याचे होते. लोकांनी प्रामाणिकपणाची स्तुती केली, तेव्हा त्याच्या उत्तराचा आशय असा होता, की बँक लुटली नाही म्हणून कुणाचा सत्कार करतात काय?

दुसरी कथा तर प्रत्येक पेढीवर सांगावी अशी आहे. 14 एप्रिल 1968, ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेचा अखेरचा दिवस. अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विचेन्झो याचा तो पंचेचाळिसावा वाढदिवस होता. गोल्फमध्ये एकाची गुणपत्रिका दुसरा लिहितो आणि ज्याची त्याने ती तपासून सही करायची असते. सतराव्या खळगीवर विचेन्झोने तीन फटके घेतले होते. प्रेक्षकांनी ते पाहिले होते. त्याची पत्रिका लिहिणाऱ्या टॉमी आरनने चुकून चार लिहिले. विचेन्झोने न पाहता सही केली. नियम असा होता, की प्रत्यक्षाहून जास्त आकड्यावर सही झाली तर तोच आकडा कायम. कमी आकड्यावर झाली तर खेळाडू बाद. प्रत्यक्षातील 65 फटके कागदावर 66 झाले आणि बॉब गोल्बी विजेता ठरला. विचेन्झोने सोबत्याला दोष दिला नाही. मूर्खपणा आपलाच, असे तो म्हणाला. न वाचता केलेल्या सहीची किंमत व्यापाऱ्यांना निराळी सांगायला नको. सही ज्याची, जबाबदारी त्याची.

असे प्रसंग इतर खेळांतही घडतात. फेब्रुवारी 1980 मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने बाद दिल्या गेलेल्या बॉब टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी मोठी भागीदारी रचली आणि भारत तो सामना हरला. क्रिकेटमध्ये ती आठवण अपवाद म्हणून जपली जाते. गोल्फमध्ये तशी वागणूक प्रत्येकाकडून गृहीत धरलेली असते.

अणदूरचा करार

अणदूरकरांना हे समजावून सांगण्यासाठी स्कॉटलंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. अणदूर आणि नळदुर्गजवळील मैलारपूर या दोन ठिकाणांचा खंडोबा एकच. वर्षातील सुमारे दहा महिने देवाचा मुक्काम अणदूरला, उरलेला काळ मैलारपूरला. देव एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, तेव्हा दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. श्रद्धा अपार असली, तरी देवाचा मुक्कामसुद्धा कागदावर येतो, आणि तो कागद पाळला जातो. शब्द आणि सही यांचा मान राखला, तर एक देव दोन गावांत सुखाने नांदतो.

जैन आचारशास्त्राने तर हा विषय फार सूक्ष्मपणे हाताळला आहे. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे, आणि अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे मापात कमी-अधिक करणे, यांची स्पष्ट गणना आहे. हे दोष रणांगणावरचे नाहीत. ते गादीवरचे, तराजूजवळचे, वहीच्या पानावरचे आहेत. गिऱ्हाईक पाहत नसताना काटा किती खरा राहतो, यावर व्रताची परीक्षा होते. प्रतिक्रमणात श्रावक दुसऱ्याने पकडलेले दोष आठवत नाही; कुणालाच न दिसलेले दोष तो स्वतः उच्चारतो. गवतात हलून गेलेला तो चेंडू याच जातीचा.

गोल्फचा आणखी एक मूळ नियम आहे: चेंडू जिथे जसा पडला, तिथून तसाच खेळायचा. झाडाच्या मुळाशी पडला म्हणून उचलून सोयीच्या जागी ठेवता येत नाही. नियमाने जिथे सवलत दिली आहे, तिथे ती सवलत किंवा दंड भरूनच. तो तिथे गेला तो बहुधा आपल्याच फटक्याने. कर्मसिद्धांत ऐकत वाढलेल्या माणसाला यावर वेगळे भाष्य नको.

नावे बाजू

वहीला जमेबरोबर नावे बाजूही असते, आणि प्रामाणिकपणाचे गोडवे गाणाऱ्या चाहत्याने ती झाकणे शोभणार नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा हा खेळ तिथल्या पावसावर आणि वाळूवर वाढला. तीच हिरवळ कोरड्या प्रदेशात राखायची तर पाणी उपसावे लागते, कीटकनाशके फवारावी लागतात. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. ज्या मुलखाने घागरींच्या रांगा पाहिल्या आहेत, तिथल्या चाहत्याला पडद्यावरचे हिरवे गवत निव्वळ सुंदर म्हणून पाहता येत नाही. त्यातील पाणी आणि त्यातील जीव त्याला मोजावेच लागतात. शिवाय चौदा काठ्यांची थैली आणि क्लबाचे सभासदत्व हा परिग्रह निराळाच. त्या बाबतीत अणदूरचा चाहता भाग्यवान! त्याच्याकडे काठी नाही, चेंडू नाही, मैदानही नाही. गोल्फच्या जगात इतका अपरिग्रही दुसरा कुणी सापडणार नाही.

पण तो पूर्णपणे नामानिराळा आहे काय? जैन विचार म्हणतो, नाही. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केलेल्याला अनुमोदन देणे, या तिन्हींनी जीव कर्माशी जोडला जातो. चाहता खेळत नाही आणि खेळवतही नाही. तो फक्त अनुमोदन देतो. त्याच्या वाट्याला तेवढेच येते, आणि तेवढ्याचाच जाब त्याला द्यायचा असतो. म्हणून आपण टाळी कशाला वाजवतो, हे त्याने पाहावे. उधळलेल्या पाण्याला वाजवली, तर तिची नोंद नावे पडेल. कुणी न पाहिलेला दंड स्वतःहून भरणाऱ्याला वाजवली, तर ती जमेस येईल. आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर, एखाद्या नजरचुकीने गिऱ्हाईकाकडून जास्त आलेले पैसे परत करताना हात थोडा सहज पुढे होईल.